आधी बर्फ, मग निकाल

आमच्या प्रयोगशाळेत अधिकृतपणे नॉर्मल असं माणूस एकच होतं, आणि उभ्या भोपाळमध्ये त्यांच्याइतकं विक्षिप्त माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे ‘नॉर्मल मॅडम’.

त्याचं असं होतं. आजारी माणसाच्या रक्तात अमुक एक गोष्ट वाढली आहे असं म्हणायचं, तर धडधाकट माणसाच्या रक्तात ती किती असते हे आधी ठाऊक हवं. म्हणून रुग्णांच्या नळ्यांबरोबर काही निरोगी माणसांच्या नळ्याही तपासाव्या लागतात. निरोगी माणसं पहिल्यांदा हौसेने हात पुढे करतात. दुसऱ्यांदा सुई पाहिली की त्यांना कामं आठवतात. मॅडमना कधी काम आठवलं नाही. दर सोमवारी सकाळी नऊला, उपाशी पोटी, त्या माझ्या टेबलाशी येऊन बाही वर करायच्या. त्यांच्या नळीवर ‘एन-१’ लिहिलेलं असायचं, म्हणजे नॉर्मल क्रमांक एक. दोन, तीन, चार बदलत राहिले. एक नंबर कधी कुणाला मिळाला नाही.

हे पद त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. रविवारी तळलेलं बंद, गोड बंद, जागरण बंद. एकदा त्यांच्या पुतणीचं लग्न नेमकं रविवारी आलं. पंगतीत नवऱ्या मुलाची आई स्वतः बुंदीचा लाडू घेऊन आग्रह करायला आली, तर मॅडम पानावर आडवा हात धरून तिला म्हणाल्या, “आज नको हो. उद्या मला नॉर्मल राहायचं आहे.” त्या घरची मंडळी तेव्हापासून त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात, असं त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

त्यांचे वडील सचिवालयात कारकून. कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही आले आणि तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी संसार मांडला. मॅडमचा जन्म भोपाळचा, शाळा भोपाळची, नोकरी भोपाळची. पण भाषेच्या बाबतीत त्यांनी स्वतःचा एक कायदा केला होता. यंत्रांशी हिंदी बोलायची आणि माणसांशी मराठी. समोरच्या माणसाला मराठी येतं की नाही, हा प्रश्न त्यांना गैरलागू वाटायचा.

“यंत्रं सगळी या मुलखात बसवलेली. त्यांना मराठी कुठून येणार?” त्या मला म्हणाल्या होत्या. “माणसाला कान असतात, डोकं असतं. त्याला समजतं.”

आणि खरोखरच समजायचं. दारावरचा चौकीदार अस्सल भोपाळी. त्याच्याशी त्यांचा संवाद रोज चालायचा.

“काय हो, लिफ्ट बंद काहून आहे?”

“मिस्त्री आ रहा है मॅडम।”

“कधी?”

“बस, अभी।”

“अभी म्हणजे जेवणाच्या आधी की नंतर?”

“खाने के बाद ही समझो।”

दोघांनाही यात काही वेगळं चाललंय असं वाटायचं नाही. त्याच मॅडम वर येऊन सेंट्रिफ्यूजचं झाकण लावताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, “चल बेटा, धीरे-धीरे। हिलना मत।” सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र. आमचं जुनं होतं आणि थरथरायचं. माझ्या हाताखाली जास्त थरथरायचं हे मात्र खरं. मी त्याच्याशी बोलत नसे.

मी पुण्याच्या वळणाचं मराठी बोलणाऱ्या घरातली. बाबा इथल्या एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते. मॅडमचं ‘काय करून राहिली’ ऐकून आमची आई पहिल्यांदा गोंधळली होती. नंतर मीच घरी ‘जेवून राहिले’ म्हणायला लागले, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे.

मॅडम बिट्टन मार्केटच्या जवळ राहायच्या. तिथल्या हाटातले भाजीवाले त्यांच्यासाठी एक माल बाजूला काढून ठेवायचे: दोन पायांचे मुळे. मुळा जमिनीत वाढताना खडा लागला की कधीकधी त्याला खाली दोन फाटे फुटतात. असा मुळा कुणी घेत नाही. मॅडम तोच घ्यायच्या. नवे विद्यार्थी आले की पहिल्या तासाला त्या पिशवीतून मुळा काढून टेबलावर ठेवायच्या.

“हा फॉस्फोलिपिड. वर एक डोकं, खाली दोन शेपट्या. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जो पडदा आहे नं, तो असल्या कोट्यवधी मुळ्यांचा बनलेला. आता बघा.” असं म्हणून त्या एक पाय कडकन मोडायच्या. “एक शेपटी गेली. हा झाला लायसोफॉस्फोलिपिड. सगळा खेळ या लंगड्याचा आहे.” मग उरलेला मुळा मीठ लावून खायच्या आणि वर्गालाही द्यायच्या.

‘लायसो’ या शब्दावरून त्यांची एका पाहुण्या परीक्षकांशी जुंपली होती. ते सद्गृहस्थ भाषण करताना सहज म्हणून गेले की, रेणू तुटलेला असतो म्हणून त्याला लायसो म्हणतात. मॅडम पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या. तो तुटलेला असतो म्हणून नव्हे, तो तोडतो म्हणून, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सापाचं विष रक्तात गेलं की ते पडद्यातल्या रेणूंच्या शेपट्या कापतं. असे लंगडे रेणू फार साचले की ते साबणासारखे वागतात आणि तांबड्या पेशी फुटतात. त्या फोडाफोडीवरून हे नाव पडलं. परीक्षक म्हणाले, फरक काय पडतो? मॅडम म्हणाल्या, “ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच तुम्ही चोर म्हणून राहिले, आणि फरक विचारता?” हे सगळं मराठीत. परीक्षक लखनौचे होते. पण त्यांनाही समजलं असावं, कारण ते लगेच पुढच्या स्लाइडवर गेले.

नावावरून मात्र या रेणूंवर अन्यायच झाला, असं मॅडमचं म्हणणं. बदनाम झाले ते फोडाफोड करणारे म्हणून. पुढे लक्षात आलं की अगदी थोड्या प्रमाणात हेच रेणू शरीरात निरोप्याचं काम करतात. पेशीच्या दारावर टकटक करायची, आत निरोप सांगायचा आणि विरून जायचं. याच कुळातला एक रेणू पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथीच्या गाठीतून बाहेरची वाट दाखवतो. आत तो कमी असतो, बाहेर रक्तात जास्त असतो. त्या वाढत्या खुणेच्या रोखाने पेशी बाहेर पडतात. हे त्यांनी मला समजावून सांगितलं ते जुन्या शहरात, चौकाच्या गल्ल्यांमध्ये आम्ही दोघी पाऊण तास हरवलेल्या असताना. “बघ, पेशीला कळतं रस्ता कुठे आहे ते. आणि आपण दोघी पीएचडीवाल्या,” असं म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा त्याच बटव्यांच्या दुकानासमोर मला आणून उभं केलं. दुकानदाराने शेवटी आम्हाला पाणी दिलं.

माझा विषय होता यकृत आणि एलपीए. एलपीए म्हणजे यातलाच एक लंगडा रेणू, पूर्ण नाव लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल. यकृताला इजा झाली की हा रेणू तिथल्या काही पेशींना निरोप देतो, की रफू करा. त्या धागे विणायला लागतात. चार टाके घालून थांबल्या तर जखम भरते. पण निरोप येतच राहिला तर त्या विणतच सुटतात, आणि मऊ यकृताचा घट्ट, निबर गोळा होतो. आजार म्हणतात तो या न थांबणाऱ्या रफूला. रक्तातलं एलपीए मोजून यकृत किती निबर झालंय हे आधीच सांगता येईल का, हे मला शोधायचं होतं.

आता मोजण्यातली एक मेख सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरच घडलं. रक्तात एक एन्झाइम असतं जे दुसऱ्या एका लंगड्या रेणूचं डोकं छाटून त्याचं एलपीए बनवतं. रक्त शरीरातून काढून नळीत भरलं तरी त्या एन्झाइमला त्याचा पत्ता नसतो. ते आपलं काम करतच राहतं. नळी उबेत तासभर पडून राहिली की एलपीए वाढलेलं दिसतं, आणि ते माणसाच्या अंगात नव्हे, नळीत तयार झालेलं असतं. उपाय एकच. रक्त काढलं की लगेच बर्फात.

म्हणून मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा खालच्या मजल्यावर यकृताच्या रुग्णांच्या वॉर्डात नेऊन ठेवायची. डब्यात मधोमध एक प्लास्टिकचा मग रोवलेला, नळ्या त्या मगात उभ्या. वॉर्डातल्या सिस्टर रुग्णांचं रक्त घ्यायच्या, नळ्या ठेवायच्या आणि अकराच्या सुमारास मी डबा उचलून आणायची. सिस्टर सीहोरच्या. कामाला चोख, एक नळी कधी इकडची तिकडे झाली नाही. बर्फाचं महत्त्व सगळ्यांच्या डोक्यात राहावं म्हणून पहिल्याच दिवशी मॅडमनी जाड काळ्या पेनाने डब्याच्या झाकणावर त्यांचं घोषवाक्य लिहून दिलं होतं. ‘आधी बर्फ, मग निकाल.’ रिझल्ट हा शब्द त्यांना आवडत नसे.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात सिस्टरनी मला विचारलं होतं, “ढक्कन पर जो लिखा है, वैसा ही करना है ना?”

मी घाईत होते. म्हटलं, “हाँ सिस्टर, बिल्कुल वैसा ही।”

तीन वर्षं हे चाललं, आणि माझे आकडे असे काही देखणे येत गेले की बघत राहावं. निरोगी माणसं सगळी खाली, रुग्ण सगळे वर, मध्ये मोकळं रान. मी आलेख काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“इतकं छान काहून आलं?”

“छान आलं म्हणून तक्रार आहे का मॅडम?”

“तक्रार नाही. पण माणसाचं शरीर इतकं टापटीप नसतं. माझं कपाट बघ.”

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला मॅडमच्या सगळ्याच गोष्टींचा राग येत होता. पुण्यात एका संस्थेत माझी नोकरी ठरली होती. अट एवढीच, की उन्हाळ्याआधी थिसिस जमा झालेला हवा. आईने ओळखीपाळखीत सांगूनही टाकलं होतं. थिसिसचं शेवटचं प्रकरण टाइप होत होतं, आणि या बाई आलेख देखणा आहे म्हणून नाक मुरडत होत्या.

मग तो सोमवार आला. मला थिसिसचा फॉर्म भरायला विद्यापीठात जायचं होतं, म्हणून मॅडमचं रक्त घ्यायला प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. सोमवार चुकवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्या सरळ वॉर्डात गेल्या, सिस्टरकडून रक्त काढून घेतलं, नळीवर स्वतःच्या हाताने एन-१ लिहिलं, इतर नळ्यांबरोबर मगात ठेवली आणि तास घ्यायला निघून गेल्या. अकराला विद्यापीठातून परत येऊन नेहमीसारखा डबा मी उचलला.

बुधवारी आकडे आले. एन-१ रुग्णांच्या रांगेत होता. नुसता रांगेत नाही, सगळ्यात निबर यकृतं ज्यांची होती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

मी दोनदा तपासलं. याचे अर्थ दोनच होत होते. एक तर मॅडमचं यकृत आतून खलास होत आलं होतं, किंवा माझं तीन वर्षांचं काम चुकीचं होतं. मी आकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “शुक्रवारी सोनोग्राफी करून टाकू. तू चल सोबत.”

शुक्रवारी मी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा साफ पडलेला होता. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पदर नीट करत पुढे चालू लागल्या. मी वाचला. यकृत स्वच्छ. आकार बरोबर, कडा बरोबर, पित्ताशयात खडासुद्धा नाही.

“मॅडम, सगळं व्यवस्थित आहे.”

“मला वाचता येतं,” त्या फटकन म्हणाल्या. सकाळपासून उपाशी आहेत म्हणून चिडल्या असतील, असं मी धरून चालले.

एन-१ची ती एकच नळी वॉर्डातल्या डब्यातून आली होती, म्हणून सोमवारी आम्ही दोघी वॉर्डात जाऊन बसलो. मॅडमनी एकाच वेळी, एकाच हातातून दोन नळ्या रक्त काढून घेतलं. एक मी घट्ट बर्फात खुपसून तशीच धावत वर नेली, फिरवली आणि परत आले. दुसरी मगात गेली. मॅडम कोपऱ्यात स्टूलवर बसून डब्याकडे टक लावून पाहत होत्या, आणि रुग्ण मॅडमकडे.

नऊ वाजत आले. झाकणाची सारखी उघडझाप होऊन बर्फ निम्म्यावर आला होता. सिस्टर आल्या, डब्यात डोकावल्या, नळ्यांसकट मग उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. छान ऊन आलं होतं तिथे.

“अहो, हे काय करून राहिल्या तुम्ही?” मॅडम उभ्याच राहिल्या.

“जो लिखा है वही, मॅडम।” सिस्टरनी झाकण उचललं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, “आधी बर्फ, मग निकाल। बर्फ आधी रह जाए, तो मग निकाल लो। तीन साल से कर रही हूँ। दीदी आती हैं तो वापस अंदर रख देती हूँ, रास्ते में ठंडा रहे।”

दीदी म्हणजे मी.

मॅडम झाकणाकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू, की पलंगावर पडलेले दोघे-तिघे उठून बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत होत्या आणि स्टूलला धरून मला सांगत होत्या, “अगं, आधी पण त्यांचं, मग पण त्यांचा, निकाल पण त्यांचा. चार शब्दांत एक बर्फच तेवढा इमानी निघाला.” हसणं मलाही आलं. ते आवरेना आणि रडणंही आवरेना, असं काहीतरी झालं माझं. सिस्टर मात्र घाबरल्या. त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं.

तेव्हा मॅडमनी हसू आवरलं. सिस्टरचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “सिस्टर, आपकी कोई गलती नहीं। आपने ठीक पढ़ा। लिखा मैंने गलत।”

इतक्या वर्षांत त्यांना माणसाशी हिंदी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. किती स्वच्छ बोलत होत्या. चौकीदारालाही हे सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

दोन नळ्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. वर पळवलेली नळी खाली, खिडकीत बसलेली वर. म्हणजे तीन वर्षं मी आजार मोजला नव्हता, भोपाळचं ऊन मोजलं होतं. निरोग्यांचं रक्त माझ्या टेबलाशी निघायचं आणि तिथल्या तिथे बर्फात जायचं. रुग्णांचं दोन तास खिडकीत बसायचं. त्या दोन तासांचा तो देखणा आलेख होता.

पुण्याची नोकरी गेली. आईने ओळखीपाळखीत पुन्हा सगळ्यांना सांगितलं. पहिल्यापासून सुरुवात करायला मला दीड वर्ष लागलं. या वेळी मी स्वतः पलंगाशेजारी उभी राहून नळ्या बर्फात घालत होते, आणि डब्याच्या झाकणावर सिस्टरच्या अक्षरात हिंदी होतं. फरक निघाला, पण लहानसा आणि फक्त खूप निबर झालेल्या यकृतांत. आलेखात मोकळं रान कुठेच नव्हतं, सगळी दाटीवाटी. मॅडमना तो आलेख फार आवडला. थिसिसमध्ये एक प्रकरण नुसतं नळ्यांच्या वाट पाहण्यावर आहे. इतर कामाबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. त्या प्रकरणाबद्दल मात्र कुठून कुठून मेल येतात, आणि बहुतेकांचा सूर असा असतो की, आमच्याकडेही एक खिडकी होती.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. फोनवर बोलतो. मिक्सरला हिंदीत रागावल्याचं मागून ऐकू येतं.

पण मला सांगायचं आहे ते फ्रीझर रिकामा केला त्या दिवसाचं. दोन नळ्यांचा निकाल आला त्याच आठवड्यातली गोष्ट. नव्या नळ्यांसाठी जागा हवी होती आणि जुन्यांचा कशाकरताच भरवसा उरला नव्हता. उणे ऐंशीचा तो फ्रीझर उघडून मी तीन वर्षांचे डबे बाहेर काढले. बादलीत ब्लीचचं पाणी केलं आणि एकेक नळी उघडून त्यात टाकू लागले. मॅडमना यायची काही गरज नव्हती. त्या आल्या, हातमोजे चढवले आणि समोर स्टूल ओढून बसल्या. प्रत्येक नळीवरचा नंबर हळू आवाजात वाचायच्या, मग टाकायच्या. का वाचता, असं मी विचारलं. म्हणाल्या, “एकेक माणूस उपाशीपोटी बसलं होतं, बाप्पा. निदान नाव नाही तर नंबर तरी.”

बराच वेळ आम्ही तेच करत होतो. एक गोष्ट माझ्या मनात आठवडाभर टोचत होती आणि ती त्यांना सांगितल्याशिवाय पुन्हा त्यांच्या हातात सुई खुपसणं मला जमणार नव्हतं.

“मॅडम, तुमचा आकडा वर आला ना, तेव्हा मला वाटलं होतं...”

“काय?”

“की तुमचं लिव्हर खरंच खराब असावं. म्हणजे माझा थिसिस बरोबर ठरेल.”

त्यांनी हातातली नळी बादलीत सोडली.

“किती वेळ वाटलं?”

“बुधवारपासून सोनोग्राफीपर्यंत.”

“दोन दिवस.”

“हो.”

त्यांनी पुढची नळी उचलली, नंबर वाचला, टाकली. आणखी एक टाकली. मला वाटलं, आता या उठून जातील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

“मलाही तेवढाच वेळ,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“त्या बाईने पोटावर ते थंडगार मशीन फिरवायला घेतलं नं, तेव्हा मी मनात म्हणून राहिली होती, निघू दे काहीतरी. फार नको, औषधाने बरं होईल इतपत. पोरीचं काम तरी उभं राहील. तर ती म्हणते, सब बढ़िया है. इतका राग आला मला तिचा.”

माझे डोळे भरून वाहायला लागले आणि मी हात वर नेला.

“डोळ्याला हात लावू नको, ब्लीच आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी आपला उजवा हातमोजा काढला, कोटाच्या बाहीने माझा एक डोळा पुसला, मग दुसरा पुसला. नवा हातमोजा चढवला आणि पुढचा डबा उघडला.